बायकांना बायपास मानवत नाही

हृदय सर्वांनाच असते. छातीत दुखण्याचा मान मात्र सर्वांना नसतो.

उदगीरच्या बायपास मित्रमंडळाने या विषयाचा जितका खोल अभ्यास केला आहे, तितका वैद्यकशास्त्रानेही केला नसावा. मंडळाचे सगळे सभासद बायपास झालेले पुरुष. सकाळी फिरून झाले की बाकावर बसतात, सदऱ्याची वरची बटणे काढतात आणि टाके दाखवतात. (महिला शाखेचा विचार झाला होता, तो बटणांपाशी येऊन थांबला.)

मंडळाच्या अभ्यासानुसार पुरुषाचे हृदय पन्नाशीला बिघडते. छातीत चमक आली की गल्लीतली पहिली जीप दाराशी लागते आणि अर्धी गल्ली त्याला सोलापूरला घेऊन जाते. बाईचे हृदय दहाएक वर्षे उशिरा बिघडते, असे डॉक्टर सांगतात. त्यापुढची काही वर्षे ते घरच्या घरी दाबून ठेवायची सोय आपल्याकडे आहे. लातूर जिल्ह्यात बाईच्या छातीत दुखण्याची मान्यताप्राप्त कारणे तीन: पित्त, भूकंपाची धास्ती आणि घरातल्या कुणाची तरी बारावी.

संगमेश्वरअप्पा मंडळाचे जुने सभासद. आडत दुकानात पोत्यावर बसल्या बसल्या त्यांना घाम फुटला आणि आठवड्याच्या आत त्यांचे ऑपरेशन झालेसुद्धा. त्यांच्या पत्नी मल्लम्मा यांनी मात्र तिन्ही कारणे क्रमाने पूर्ण केली. आधी पित्त झाले. मग, भूकंपाला दहा वर्षे उलटली तरी ती अजून दचकते, असे घरात ठरले. मग नात अक्षराला लातूरला क्लास लागला. डब्याचे अन्न पोरीला सोसत नाही म्हणून मल्लम्मा तिथे खोली करून राहिल्या. जिना चढताना दम लागतो, छाती आवळते, असे त्यांनी फोनवर सांगितलेही. अप्पा म्हणाले, पेपर होऊ दे. अक्षरा तेव्हा हृदयाचा धडा पाठ करत होती. त्यात चार कप्पे होते, आजी नव्हती.

पेपर झाले. मग ऑपरेशनही झाले. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा आणलंत. तिसऱ्या दिवशी मल्लम्मा गेल्या.

मंडळाने दोन मिनिटे उभे राहून निष्कर्ष काढला: बायकांना बायपास मानवत नाही. पुरावा भक्कम होता. बाईला उशिरा नेले की ती दगावते. दगावते म्हणून नेऊ नये. आणि नेत नाहीत म्हणून ती आणखी उशिरा जाते. यात चूक काढून दाखवावी.

पुढच्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष भुजंगराव यांच्या पत्नी दानम्मा यांचा डावा हात आणि जबडा दुखू लागला. गावातल्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, आजच्या आज सोलापूरला न्या. भुजंगरावांनी विषय बाकावर मांडला.

"मल्लम्मावहिनींचं बघितलंच की आपण," ते अप्पांच्या देखत म्हणाले. "बायकांना मानवत न्हाई. दिवाळीनंतर बघू."

अप्पांनी सदऱ्याची बटणे लावली आणि ते उठले. थोड्या वेळाने भुजंगरावांच्या दाराशी जीप उभी राहिली. मागोमाग मंडळही आले.

"वहिनी, चपला घाला," अप्पा म्हणाले.

दानम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या. "येते की अप्पा. पर ह्यांच्या भाकरीचं कसं?"

ऑपरेशनच्या भुलीतून सुखरूप उठलेली मंडळाची माणसे भाकरीच्या नावाने जागीच बसली.

अप्पा म्हणाले, "भुजंगराव, माझी बायको बायपासनं गेली न्हाई. थांबली म्हणून गेली. मीच थांब म्हणलो. भाकर तुम्ही थापा."

दानम्मा जीपमध्ये बसल्या. भुजंगराव त्या रात्री खानावळीत जेवले. बायपास होऊन दानम्मा वाचल्या. मंडळाने ही घटना अपवाद ठरवली.

उदगीरच्या लोकांचे तुम्हाला हसू आले असेल. येऊ द्या. मग उठून घरातल्या बाईला विचारा, छातीत काही होतं का. ती म्हणेल, काही नाही. आणि तुमचे तेवढ्यावर समाधान होईल.