पाटावर बसवलेला कॉम्प्युटर

जळगावच्या फुलचंदशेठांनी डाळ मिलसाठी कॉम्प्युटर घेतला आणि त्याच दिवशी स्वतःचं डोकं वापरणं सोडून दिलं. घराच्या पुढच्या खोलीत मिलचं ऑफिस होतं. तिथे कॉम्प्युटरसाठी एसी लागला. शेठाणी धापूबाई मागे चुलीपाशी घामाघूम झाल्या, तरी त्यांना साधा पंखाही मिळाला नाही. दिवाळीत वहीपूजनाला शेठांनी वह्या बाजूला सारून कॉम्प्युटरच पाटावर बसवला आणि मूठमूठ हळद-कुंकू, अक्षता, वर बत्तासे अशी त्याची मनोभावे पूजा केली.

पुढच्याच आठवड्यात धुळ्याचे प्रकाशचंद आपल्या महेंद्रसाठी शेठांची सरला बघायला येणार होते. सरलाने महेंद्रला पाचोऱ्याच्या एका लग्नात पाहिलं होतं आणि मनातून ती केव्हाच हो म्हणून बसली होती. फक्त तिला कोणी विचारलं नव्हतं.

वरण-बट्टीचा बेत ठरला. "सुपडू, पाच माणसं टाक आणि कणीक किती, तूप किती, विचार," शेठांनी ऑपरेटरला फर्मावलं.

सुपडूने पाचाचा आकडा दाबला. पडद्यावर पन्नास उमटले.

म्हातारे मुनीम पितांबरनाना म्हणाले, "शेठ, बठ्ठे मिळीसन पाचच जन शेतस!"

"नाना, तुम्हाला चष्मा लागतो. त्याला लागतो का?"

झालं! पन्नास माणसांची कणीक मळली गेली, तुपाचे डबे फुटले, पन्नास पाट मांडले गेले. धापूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, पण शेठांपुढे कोण बोलणार?

धुळ्याची मंडळी आली. पाचच. प्रकाशचंदांनी पाटांच्या रांगेकडे पाहिलं. "अजून कोण यायचंय?"

"तुमचीच माणसं ना!" शेठ हसून म्हणाले. "पन्नास."

"पाच. मी तसं कळवलं होतं."

"हो, पण कॉम्प्युटर पन्नास म्हणतोय."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"तसं नाही हो प्रकाशचंदजी. पण तो चुकत नाही."

प्रकाशचंदांचा चेहरा लालबुंद झाला. "मग मुलगी त्यालाच द्या! चल रे महेंद्र." दारात पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सरलाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

ते पाहून धापूबाईंचा संयम संपला. त्या चपलांसकट तडक एसीच्या खोलीत घुसल्या, कीबोर्ड उचलला, हातातल्या ताटावर पालथा धरला आणि सुपातून पाखडावं तसा झटकला. खाली अक्षता पडल्या, कुंकू पडलं, मागोमाग अर्धा बत्तासा. सुपडूने भीत भीत पाच दाबले. आता पाचच उमटले.

"शून्याच्या बटणात तांदूळ अडकला होता," तो पुटपुटला.

दाराकडे निघालेले प्रकाशचंद आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसत सुटले. "शेठ, एवढी पूजा तर आम्ही देवाचीही करत नाही हो!" ते पाटावर बसले आणि चार बट्ट्या जास्तच जेवले. उरलेल्या बट्ट्यांवर मिलच्या हमालांनी संध्याकाळपर्यंत ताव मारला.

जेवणं झाल्यावर मंडळी गार हवा खायला एसीच्या खोलीत बसली. "आम्हाला मुलगी पसंत आहे," प्रकाशचंद म्हणाले. "आता तुमचं काय ते सांगा."

सगळे शेठांकडे पाहू लागले. शेठ सवयीने वळले. "सुपडू, विचार रे..."

सरला टेबलामागे वाकली आणि तिने प्लग उपटला. पडदा काळा झाला.

"लाइट गेली, बाबूजी. तुम्हीच सांगा."

डोक्यावर दिवा लख्ख जळत होता. एसी घरघरत होता. शेठांनी दिव्याकडे पाहिलं, मग काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"गेलीच की! आता मलाच सांगावं लागणार. बरं, हो."

आणि एसीच्या गार झोतात बसून शेठ पुठ्ठ्याने वारा घेऊ लागले.