चारही पाय ठणठणीत

फरशीवरचा ठिपका मसुराच्या दाण्याएवढा होता. कडा वाळलेली, मध्य अजून ओला. पुढचा ठिपका त्याच रेषेत, दोन पावलांवर. त्यापुढचा स्वयंपाकघराच्या दाराशी.

निवृत्त मोजणीदार गुडघ्यांवर हात टेकून वाकले. "रक्त आहे. बाईसाहेबांना लागलंय."

बाईसाहेब म्हणजे घरातली मांजर. त्या कपाटाखाली बसल्या होत्या आणि बाहेर यायला तयार नव्हत्या. मोजणीदारांच्या मते हाच पुरावा.

"अहो, मांजर एवढी ढांग टाकते का?" बायकोने विचारलं.

"घाबरली की टाकते."

जन्मभर जमिनी मोजलेल्या माणसाशी अंतरावरून कोण वाद घालणार? त्यांनी टेप काढली आणि घरभर फिरून ठिपके मोजायला घेतले. पंचाईत अशी, की मोजून झालेल्या खोलीत परत यावं, तर तिथे नवे ठिपके पडलेले असत.

"बघ, माझ्या पाठीमागून फिरतेय. भारी चलाख!"

"ती कपाटाखालीच आहे हो. मी बघतेय."

"म्हणजे तुझा डोळा चुकवून फिरतेय."

बायको मांजराची टोपली काढायला उठली. वाद घालायची तिची सगळी ताकद वर्षभर एकाच विषयावर खर्ची पडली होती. मोजणीदारांना मधुमेह होता, तळपाय बधिर झाले होते. घरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "पायाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. अशा पायाची जखम कळत नाही, आणि चिघळली की पायावर बेतते." मोजणीदारांचं उत्तर ठरलेलं होतं. "दुखत नाही, तर दाखवायचं काय?"

कपाटाखाली हात घातल्याबरोबर बाईसाहेबांनी पंजा मारला.

"आई गं! मेलो!"

"नखाएवढं खरचटलं तर आई आठवली," बायको म्हणाली आणि तिने टोपली पुढे केली. बाईसाहेबांना तिच्यात घालून मोजणीदार घरातल्या सपातांवरच निघाले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एकेक पंजा दाबून पाहिला. दर पंजाला बाईसाहेब नव्या जोमाने फिस्कारल्या.

"चारही पाय ठणठणीत. दाबलं की ओरडते ना, ते चांगलंच. पाय तक्रार करतोय तोवर काळजी नसते."

"मग रक्त कुणाचं?" मोजणीदार तावातावाने म्हणाले. "ते बघा, इथेही सांडलंय!"

दारापासून टेबलापर्यंत ठिपके होते. दोन-दोन पावलांवर, एका रेषेत. बायकोने टोपलीकडे पाहिलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "बाईसाहेब टोपलीतून आल्या."

सगळ्यांच्या नजरा खाली वळल्या. शेवटचा ठिपका मोजणीदारांच्या उजव्या सपातेला टेकला होता आणि हळूहळू मोठा होत होता.

ते स्टुलावर बसले. बायकोने सपात काढायला हात लावला, ती निघेना.

"ओढू नका!" डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. "खिळा कधी घुसला हा?"

"कुठला खिळा?"

"तळाला भोक पाडून पार पायात गेलाय. दुखत नाहीये?"

"नाही," मोजणीदार म्हणाले. वर्षभर हा शब्द ते छाती काढून म्हणत आले होते. आज तो पुटपुटल्यासारखा निघाला.

"आजोबा, मी पडले चार पायांची डॉक्टर. हे माझ्याच्याने व्हायचं नाही."

टोपलीत बाईसाहेब आपला पंजा चाटत बसल्या होत्या. मोजणीदारांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती अजून त्यांचा पाय धरून बसली होती.

"त्या पायाच्या डॉक्टरांना फोन लाव," ते म्हणाले. "आत्ताच जाऊ."