इंचभर जास्त

कटर मास्तरांच्या हातून आजवर एकही कापड तोकडं पडलेलं नव्हतं. एकही म्हणजे एकही! गणवेशाच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी बावीस वर्षं उभे होते, हजारो शर्ट-पँटी कापल्या, पण "मास्तर, कमी पडलं हो!" असं शिलाईवाल्यांपैकी कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. याचं गुपित मास्तर स्वतःच दिसेल त्याला सांगायचे, त्यामुळे त्यात गुपित काय राहणार म्हणा! "माप घ्यायचं बरोबर," ते म्हणत, "आणि कापायचं इंचभर जास्त. जास्तीचं नंतर काढता येतं. कमी पडलं की बसा रडत!"

ही सवय कापडापुरती राहिली असती तर कुणाचं काय जात होतं? पण ती घरभर पसरली होती. मास्तर बस सुटायच्या दीड तास आधी स्टँडवर हजर. त्यांची आई औषधाची बाटली अर्धी झाली की "संपली" म्हणून जाहीर करायची. बायको चार माणसं जेवायला येणार म्हटलं की सहांचा स्वयंपाक करायची. आणि या सगळ्याच्या मुळाशी काय? तर भीती! कमी पडलं तर? या एका प्रश्नावर ते तिघांचं घर चाललं होतं, आणि खरं सांगायचं तर बरं चाललं होतं.

मंगळवारी दुपारी मालकांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं.

"मास्तर, शहरात नवा कारखाना काढतोय. मुख्य कटर म्हणून तुम्ही चला. अठ्ठावीस हजार पगार."

मास्तरांना इथे एकोणीस मिळत होते. आनंदाने उडी मारायची सोडून त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली.

"शहर फार मोठं आहे का हो?"

"मोठं कसलं? मध्यम आहे. मात्र शनिवारी सकाळपर्यंत हो-नाही काय ते सांगा. आणि हे बघा, इथली कापणी वर्षभरात मशिनवर जाणार आहे. नाही म्हणालात तर मी तुम्हाला काढणार नाही, पण पुढचं मी तरी काय सांगू?"

झालं! मास्तर घरी निघाले ते एकच घोकत. गेलो आणि पगार पुरला नाही तर? राहिलो आणि मशिन आलं तर? दोन्हीकडून मरण! रस्त्यात दोनदा ते थांबले आणि उगाच चपलेचा पट्टा नीट करून पुढे निघाले.

बायकोने मात्र ऐकल्याबरोबर सांगून टाकलं, "मला जायचंय."

"अगं, पण परवडायला नको?"

"इथे राहायचं म्हणजे रोज संध्याकाळी तुमचं तोंड बघून ओळखायचं, आज मशिन आलं की नाही! वर्षभर? माझ्याच्याने नाही व्हायचं ते."

"मग हिशोब करू," मास्तर म्हणाले. "मापात बसलं तर जाऊ. मापाच्या बाबतीत मी कधी चुकलोय?"

मास्तरांची थोरली बहीण त्याच शहरात राहत होती. तिला फोन लावला. ताईने भाडं, वाणसामान, वीज, बस, दवाखाना, किरकोळ, सगळे आकडे धडाधड सांगितले. मास्तरांनी कापणीच्या खाकी कागदावर ते लिहून घेतले. भाडं नऊ हजार. मग कागद बायकोकडे गेला. तिने विचार केला, वन्संनी आपल्याला उगाच धास्ती नको म्हणून कमी सांगितलं असणार, आणि नवाचे दहा केले. मास्तरांनी दहा बघितले आणि म्हणाले, "असू दे इंचभर जास्त," आणि अकरा केले. असं प्रत्येक आकड्याचं झालं. औषधाच्या आकड्याला तर आईनेही आपला हात लावून घेतला.

बेरीज आली साडेचौतीस हजार. पगार अठ्ठावीस!

"साडेसहा हजारांनी तोकडं," मास्तर पुटपुटले. हा शब्द त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल जन्मात उच्चारला नव्हता.

"कागदाला काय कळतंय?" बायको म्हणाली. "राहून बघू. शनिवारपर्यंत इथेच शहर मांडू या! जमलं तर हो, नाही जमलं तर नाही."

आता कल्पना बरी होती. पण ती कुणाच्या हातात पडली बघा! ताईने सांगितलं होतं, तेवढ्या भाड्यात बारा बाय चौदाची एक खोली मिळते, त्यातच ओटा. बायको म्हणाली, अकरा बाय तेरा धरा. मास्तरांनी टेप काढला, कापडावर खुणा करायचा खडू घेतला, आणि बाहेरच्या खोलीत दहा बाय बारा आखून टाकलं. पैशाला इंचभर जास्त, तर जागेला फूटभर कमी, घाबरण्याचं गणित शेवटी एकच! गॅस, गाद्या, कपाट आणि तीन माणसं त्या चौकोनात आली. चौकोनाबाहेर सगळे शेजारी. मोरीपर्यंत जायला मास्तरांनी फूटभर रुंदीची पट्टी आखून दिली.

"अरे, हे माझंच घर ना?" आईने विचारलं.

"आई, पट्टीच्या बाहेर पाय पडतोय! तिकडे दुसऱ्यांचं घर आहे!"

म्हातारी दोन्ही हात पसरून, जपून जपून त्या पट्टीवरून मोरीकडे जायला लागली. जेवणाला साडेसहा हजारांची कात्री लागली होती, म्हणून भाजीत पाणी जास्त आणि भाजी कमी. एकच दिवा. चहा एकवेळ. बुधवारी संध्याकाळी तिघं त्या चौकोनात गुडघ्याला गुडघा लावून बसली.

मास्तरांची सकाळ तर विचारूच नका. कारखाना घरापासून दहा मिनिटांवर. पण शहरात जायला-यायला ताईच्या हिशोबाने चाळीस मिनिटं, बायकोच्या पन्नास, म्हणजे मास्तरांच्या तासभर! मग ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि घराभोवतीच्या गल्लीला सहा फेऱ्या मारून कारखान्यात जायचे. प्रत्येक फेरीला त्यांच्या डोक्यात एकच आकडा घुमायचा, साडेसहा, साडेसहा, साडेसहा!

वरच्या मजल्यावर घरमालकीण राहायची. बाईचा जीव भित्रा आणि खिडकी मोठी! शुक्रवारी तिने बघितलं, मास्तर डबा घेऊन गल्लीत गोल गोल फिरताहेत, आणि ओठ हलताहेत. तिच्या मनात आलं, नोकरी गेली बिचाऱ्याची! विचारपूस करावी म्हणून ती खाली आली, तर दार उघडंच होतं. आत म्हातारी एका रेघेच्या आत उभी होती, आणि सून ओरडत होती, "आई, बाहेर यायचं नाही म्हटलं ना! शनिवारपर्यंत कळ काढा!"

"मला नुसता खिडकीचा वारा हवाय गं."

"खिडकी आपली नाही!"

घरमालकीण आल्या पावली मागे फिरली. वर जाऊन तिने वही उलटीसुलटी केली आणि ताईचा नंबर शोधून काढला. "अहो, तुमच्या आईला रेघेत कोंडलंय! भावाचं डोकं फिरलंय, गल्लीत फेऱ्या मारतो! शनिवारी काय होणार आहे देव जाणे! लवकर या!"

शुक्रवारी रात्रीपर्यंत कागदावर बाकी म्हणून एक रुपयाही उरला नाही. उलट आईला खोकला झाला, आणि औषधाचा आकडा आणखी वर गेला. बायकोने घासलेली ताटं पुन्हा घासली. मास्तरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

शनिवारी सकाळी मास्तर इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते. मालकांना नाही म्हणायला निघाले होते. बायको कोपऱ्यात पाठ करून बसली होती. रडत नव्हती, पण तिने त्यांच्या डब्याचं झाकण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं. मापात बसत नाही त्याला ते तरी काय करणार होते? तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि ताई आत शिरली.

"आई! चल, आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल!"

"अगं, रेघ बघ! तू शेजाऱ्यांच्यात उभी आहेस," आई म्हणाली.

ताईने कपाळावर हात मारला. "वेड लागलंय का सगळ्यांना?"

मास्तरांनी घाबऱ्याघुबऱ्या सगळं सांगितलं. शहर, चौकोन, साडेचौतीस हजार. ताईने खाकी कागद हिसकावला आणि तिचे डोळे मोठे झाले.

"भाडं अकरा? कुणी सांगितलं?"

"तू नऊ म्हणालीस…"

"अरे, आठच आहे! तुला ऐन वेळी कमी पडू नये म्हणून मी नऊ सांगितलं. मीही याच घरातली ना?"

मग बायको हळूच म्हणाली, "वन्सं, मी त्यात एक घातला होता."

"आणि मी एक," मास्तर म्हणाले.

"मला त्या दुसऱ्या गोळ्या लागत नाहीत," आई म्हणाली. "असाव्यात म्हणून सांगितल्या होत्या."

चौघंही खाली बसली आणि एकेक आकडा उसवायला लागली. वाणसामान बारा हजारांवरून नऊ! वीज तीनवरून दोन! बस अडीचवरून दीड! बायकोची पेन्सिल थांबत नव्हती. नवी बेरीज आली चोवीस हजार नऊशे. अठ्ठाविसातून वजा जाता उरले एकतीसशे!

"उरतात!" बायको किंचाळली. "अहो, उरतात! पळा!"

मास्तर पळाले. गल्लीला एकही फेरी न मारता थेट पळाले. खिडकीतून घरमालकीण ओरडली, "धरा हो त्यांना कुणीतरी!" पण मास्तर कुणाला सापडतात! धापा टाकत ते केबिनमध्ये शिरले आणि "हो! हो! येतो!" असं म्हणून त्यांनी समोरच्या कागदावर सही ठोकली.

मालक खूश झाले. "छान! आता एक बारीकशी गोष्ट, मास्तर. अठ्ठावीस म्हणालो ना, त्यात ओव्हरटाइम धरला होता. तो कधी मिळेल, कधी नाही. तुम्ही आपले पंचवीसच धरा."

"पण मग अठ्ठावीस का सांगितलेत?"

"पंचवीस ऐकून तुम्ही पळून गेला असतात. तुमचीच शिकवण की, मास्तर! इंचभर जास्त!"

मास्तरांना दरदरून घाम फुटला. पंचवीस हजारांतून चोवीस हजार नऊशे गेले. बाकी शंभर! जास्तीचं काही नाही. एखादा दिवा गेला, आईला पुन्हा खोकला झाला, तर संपलं! सही केलेला कागद टेबलावर होता. हात पुढे केला असता तर फाडता आला असता. मालक तसे अडवणारे नव्हते. मास्तरांनी हात पुढे केलाही. पण त्यांना डब्याचं ते झाकण आठवलं. तीनदा लावलेलं, तीनदा काढलेलं. त्यांनी हात मागे घेतला आणि खिशात घातला.

घरी तिघीही अजून चौकोनातच उभ्या होत्या. रेघ पुसायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"सही केली. पण पगारात ओव्हरटाइम धरलेला होता. तो सोडून हिशोब करायचा."

"मग? उरतात ना काही?"

"उरतात की!" मास्तरांनी छाती पुढे काढली आणि ठणकावून सांगितलं, "दोनशे!"

"म्हणजे शंभर," बायको म्हणाली आणि रेघ ओलांडून माळ्यावरची पेटी काढायला गेली.