धोंड्याच्या महिन्यातली सही

माजलगावच्या मोंढ्यामागं, म्हणजे धान्यबाजाराच्या पाठीमागं, महारुद्रचं भांड्यांचं दुकान होतं. कागदोपत्री ते निम्मं त्याचं आणि निम्मं त्याच्या बायकोचं, बसम्माचं. उत्पन्न दोघांत वाटलं की कर कमी बसतो, हा सल्ला बिभीषण वकिलांचा. भागीदारीपत्र झालं त्या दिवशी बसम्मानं दाखवलेल्या जागी सही केली होती आणि दूध उतू जाईल म्हणून लगेच आत पळाली होती. आपण काय झालो, हे तिनं विचारलं नाही आणि महारुद्रनंही सांगायची तसदी घेतली नाही.

त्र्याण्णव सालच्या ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी वकिलांची जीप सकाळीच दुकानासमोर येऊन थांबली.

"महारुद्रशेठ, औंदा नवा नियम आलाय. विवरणपत्राला भागीदारीपत्राची नक्कल जोडायची, अन् तिच्यावर दोघांच्या बी सह्या. तुमी आत्ताच करा, वहिनीची बी लागंल."

"अन् हे आज सांगताव?"

"माझ्या बी आजच ध्यानात आलं. आज न्हाई दिलं तर भागीदारी धरत न्हाईत, कर लई बसंल. बोलवा वहिनीला."

"ती तलवाड्याला माहेरी हाय."

"मंग जाऊन या की."

"रुसून गेलीय वो."

"रुसव्याला कायद्यात सूट न्हाई," वकील म्हणाले. त्यांनी नकलेवर महारुद्रची सही घेतली, तिला टाचणीनं चिठ्ठी लावली, 'सही होताच थेट बीडला आणणे. आयकर कचेरीच्या फाटकाशी उभा आहे,' आणि उरलेले कागद घेऊन ते बीडच्या रस्त्याला लागले.

रुसव्याचं कारण साधं होतं. तो धोंड्याचा महिना होता. जावयाला बोलवावं, पुरणाचे धोंडे वाढावेत, तांब्याच्या ताटात अनारसे घालून वाण द्यावं, आणि ही ताटं अवघ्या तालुक्यातल्या सासऱ्यांनी महारुद्रच्या दुकानातून न्यावीत, असा हा पुण्याचा महिना. त्यामुळं मेहुणा संगमेश आमंत्रण घेऊन आला तेव्हा महारुद्रला मान वर करायला फुरसत नव्हती. भर गिऱ्हाइकात तो म्हणाला, "धोंडे खात बसणं हे रिकामटेकड्याचं काम हाय. मला दुकान हाय." संगमेशनं हे घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं. बसम्मा दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं एकटीच माहेरी गेली.

आता त्याच तोंडानं तिथं जायचं होतं. महारुद्रनं हंगामाच्या दिवशी शटर ओढलं, कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि एम-एटीला किक मारली. ओट्यावरच सही घ्यायची, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असं त्यानं वाटेत ठरवलं.

सासरे, राजेश्वरअप्पा, ओट्यावरच बसले होते. जावयाला पाहून ते उठले आणि एका पायात चप्पल घालून सामोरे आले.

"शरणार्थ, मामा," महारुद्र म्हणाला.

"शरणार्थ. अगं, जावई आले, पाणी आण," अप्पांनी आत हाक दिली. मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमी न्हाई म्हणलाव तवापून पोरीच्या गळ्याखाली घास उतरंना गेलाय. खरं सांगा पाहुणं, धोंड्यालाच आलाव ना? का काई काम काढलंय?"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. दारात बसम्मा येऊन उभी होती. महारुद्रचा हात खिशापर्यंत गेला आणि तसाच छाती चोळून खाली आला.

"काम कसलं, मामा. जेवायलाच आलोय."

बसम्माला एकटीला गाठू आणि गुपचूप सही घेऊ, असा त्याचा हिशेब. पण आधी नाही म्हणून मग आलेल्या जावयाला एकटं कोण सोडतंय? सासूबाईंनी, चंद्रभागाबाईंनी, डाळ शिजायला टाकली. शेजारच्या वच्छलाबाई जावई बघायला आल्या त्या तिथंच बसल्या. दोनदा महारुद्र स्वयंपाकघराकडं वळला आणि दोन्ही वेळा अप्पांनी त्याला धरून गादीवर बसवलं. "तिकडं बायकांचं काम चाललंय. तुमी आज हलायचं न्हाई," ते म्हणाले.

मग आंघोळीचं पाणी निघालं. धोंड्याच्या जावयानं नव्या कपड्यांत बसायचं असतं. महारुद्र न्हाणीतून बाहेर आला तर खुंटीवर नवा कोरा सदरा होता आणि त्याचा शर्ट नव्हता. तेवढ्यात बाहेर त्याची एम-एटी सुरू झाली. "भाऊजी, गाडी नेतो जरा," संगमेश ओरडला आणि निघूनही गेला. विडे आणायला गेला असेल, असं महारुद्रला वाटलं. त्याला खरी काळजी शर्टाची होती. तो परसात गेला तर शर्ट दोरीवर पाणी गाळत लोंबत होता आणि खिसा उलटा होऊन जिभेसारखा बाहेर आला होता.

शर्टाचं विचारावं म्हणून तो वळला, तर समोर अप्पा तांब्याचं ताट घेऊन उभे होते. त्यात अनारसे आणि तुपाचा दिवा.

"वळखलं का? तुमच्याच दुकानातलं हाय. तुमाला कळू नये म्हणून वच्छलाबाईच्या हातून आणवलं. तुमी याल, न्हाई याल, पण घरात असावं म्हणलं."

महारुद्रनं ताट ओळखलं. वच्छलाबाईंनी चार पैसे कमी करा म्हटल्यावर आपण काय उत्तर दिलं होतं, तेही आठवलं. जावयानं तोंडावर नकार दिला आणि या माणसानं तरी त्याच्यासाठी ताट आणून ठेवलं. बसायचा तेवढा कर बसू दे, त्यानं मनात म्हटलं, आणि शर्टाचं विचारलं नाही. पाटावर जाऊन बसला.

पहिला धोंडा वाढायला बसम्माच आली. सासूबाई आत वळल्यावर ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "सही केलीय. संगमेश बीडला गेलाय."

महारुद्रच्या हातातला घास हातातच राहिला.

"तुमच्या खिशात कायम काई ना काई असतंय. म्हणून शर्ट भिजवायच्या आदी बगितला. चिठ्ठी वाचली अन् लई राग आला. म्हणलं, कागदासाठी आलाव व्हय."

"मंग?"

"मंग अप्पानं इचारलं तवा तुमी कागदाचं नाव काढलं न्हाई, ते आठवलं अन् सही केली. म्हणलं, आता शर्टाचं इचारताव का बगू. न्हाई इचारलं. माझ्या बापापुढं गप बसलाव." तिनं पदरानं डोळे पुसले. "अप्पाला मी काई कळू दिलं न्हाई."

"बसम्मा, तुझे लई उपकार झाले," तो म्हणाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं, आणि निघाल्यावर त्याला फार बरं वाटलं.

"उपकार कशाचे? सही करताना समदं वाचलं मी आज. त्यात लिवलंय, निम्मं दुकान माझं हाय."

"हाय ना. तुझंच हाय."

"मंग माझं निम्मं चार दिस बंद. मी हितंच ऱ्हाणार. तुमचं निम्मं तुमी खुशाल उघडा."

दुकानाला शटर एकच होतं. महारुद्रनं क्षणभर विचार केला आणि तुपासाठी वाटी पुढं केली.