टायर फारच चांगले निघाले

हिवाळ्यासाठी पिकअपला टायर कुठले घालावेत हे कुणाला विचारायचं असेल, तर मला विचारा! सगळ्या टोल्मन गावात या विषयाचा माझ्याइतका अभ्यास कुणाचाच नाही. मी इथल्या शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे मी टायर निवडले ते अंदाजाने नव्हे, तक्ता करून! एका बाजूला टायरची नावं, दुसऱ्या बाजूला ताजा बर्फ, दडपलेला बर्फ, काचेसारखा बर्फ, वितळून पुन्हा गोठलेला बर्फ अशी बारा संकटं, आणि प्रत्येक खान्यात गुण. दोन महिने मी जेवतानासुद्धा तो तक्ता ताटाशेजारी ठेवत असे.

"लग्नाआधी माझा असा तक्ता केला होतास का रे?" माझी बायको लारिसा म्हणाली.

मी तक्त्यात डोकं खुपसलं. (केला होता. पण छोटा होता.)

एवढा खटाटोप कशासाठी? तर सासरेबुवांसाठी. ओरेस्ट हुडेमा हे माझे सासरे. गावाबाहेर नऊ किलोमीटरवर त्यांचं शेत आहे आणि दर रविवारी दुपारचं आमचं जेवण तिथेच असतं. मोठ्या रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत अर्धा किलोमीटर कच्ची वाट आहे. दोन्ही बाजूंना चर, आणि कॅनडातल्या अख्ख्या सस्कॅचवान प्रांतातला बर्फ गोळा करून वारा नेमका तिथेच आणून टाकतो. मी मूळचा समुद्राकाठच्या व्हिक्टोरियाचा. आमच्याकडे बर्फ पडला तर लोक शाळा बंद करून त्याचे फोटो काढतात. साहजिकच गेली अकरा वर्षं दर हिवाळ्यात मी त्या वाटेवर रुततो. दर हिवाळ्यात म्हणजे हिवाळ्यातून एकदा नव्हे हं. दर हिवाळ्यात सात-आठदा.

मग सासरे ट्रॅक्टर घेऊन येतात. त्यांच्याच वयाचा वाटावा असा तो जुना लाल ट्रॅक्टर. खाली उतरून माझ्या गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची, बुटाने टायरला ठोकर द्यायची आणि म्हणायचं, "हं." त्या एका 'हं'मध्ये माझी सगळी लायकी निघते. मग साखळी लावायची, ओढायचं आणि जेवताना पेरोग्यांवर, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्यांवर, कांदा-लोणी घेत घेत विचारायचं, "काय जावईबापू, समुद्राकाठी गाडीला वल्ही लावतात का?" सोमवारी सकाळी को-ऑपच्या, म्हणजे गावच्या सहकारी दुकानात, कॉफीच्या टेबलावर हीच हकीकत पुन्हा! तिथे मी बारा इंच रुतलेला असलो तर चोवीस इंच होतो.

यंदा ठरवलं, बस्स! यंदा नाकावर टिच्चून त्यांच्या दारात गाडी उभी करायची.

तक्ता घेऊन मी वेंडेलच्या टायरच्या दुकानात गेलो. वेंडेलने तो वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

"मास्तर, बाकीचे लोक येतात, चार टायर दाखवा म्हणतात आणि त्यातले काळे बघून घेऊन जातात."

"मी बाकीचा नाही!"

"ते दिसतंच आहे. बरं, खिळ्यांचे हवेत की बिनखिळ्यांचे?"

"तक्त्याप्रमाणे बिनखिळ्यांचे. रबर कडाक्याच्या थंडीतही मऊ राहणारं, वर बारीक चिरा, आणि रुंदीला आत्तापेक्षा जरा कमी. अरुंद चाक बर्फ कापत खाली जातं आणि जमीन धरतं."

वेंडेल डोकं खाजवत म्हणाला, "वीस वर्षं टायर विकतोय, पण गिऱ्हाइकाकडून धडा पहिल्यांदाच घेतला. हे टायर घालून तुम्ही रुतलात ना, तर मी दुकान बंद करून कोंबड्या पाळीन!"

बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, सल्ला मात्र वेगळाच होता. "टायर कसलेही चालतात," ते फोनवर म्हणाले होते, "मागे वाळूची चार पोती टाक." मोठ्यांचा मान म्हणून तीही टाकली.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी जो बर्फ पडायला लागला तो रविवारी सकाळपर्यंत. माझ्या आनंदाला पारावार नव्हता! वाटेवर वळलो तेव्हा लारिसाने सवयीने दाराची कडी धरली. पण गाडी अशी गेली, अशी गेली, की जणू कुणी आदल्या दिवशी वाट झाडूनच ठेवली होती. हिसका नाही, घसरणं नाही. मी शीळ घालत थेट अंगणात!

अंगणात बाबा उभे होते. जाड डगला, कानटोपी, हातमोजे अशा जय्यत तयारीत. थंडीत अडू नये म्हणून ट्रॅक्टर सकाळपासून विजेच्या वायरला लावून गरम केलेला, इंजिन धडधडतंय, साखळी खांद्यावर.

"आलास?" ते म्हणाले.

"आलो!"

"आपला आपण?"

"आपला आपण!"

त्यांनी गाडीकडे पाहिलं, वाटेकडे पाहिलं, मग हळूच साखळी खाली ठेवली. फेरी नाही, ठोकर नाही, 'हं'सुद्धा नाही. ट्रॅक्टर बंद केला आणि घरात गेले.

जेवताना एरवी चौदा पेरोग्या खाणारा माणूस पाच खाऊन उठला! उठता उठता सासूबाईंना, सोफीआईंना, म्हणाले, "त्या भंगारवाल्याला उद्या ये म्हणून सांगतो. ट्रॅक्टर उगीच जागा अडवून बसलाय."

मी विजयी वीर! पण स्वयंपाकघरात आईंनी मला कोपऱ्यात गाठलं. माझ्या सासूबाई कधी आवाज चढवत नाहीत. त्या फक्त हातात लाटणं ठेवून बोलतात.

"जमीन भाड्याने देऊन दोन वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "नव्या पोरांची यंत्रं घराएवढाली. यांच्या ट्रॅक्टरला कोण विचारतो? त्याला आता एकच काम उरलंय."

"कुठलं?"

"तू."

"मी?"

"रविवारी सहाला उठतात रे! दाढी करतात. खिडकीशी बसून विचारतात, 'आला का मास्तर? रुतला का?' आठवडाभरात तेवढंच हसतात. आणि तू मेल्या, चांगले टायर घेऊन आलास!"

आता सांगा, दोन महिने तक्ता करून हे ऐकायचं! पण त्या लाटण्यापेक्षा मला त्या पाच पेरोग्या जास्त लागल्या. माणूस आपल्याला हसतो म्हणून आपण चिडावं आणि तेच त्याचं जगण्यातलं सुख निघावं, या विचाराने मला अगदी कसंसंच झालं. मी लारिसाला खूण केली आणि मोठ्याने म्हणालो, "अरे, केक गाडीत राहिला वाटतं! शिवाय गाडी जरा वळवून ठेवतो."

"रुतायचं आहे ना?" दाराबाहेर पडताच लारिसा म्हणाली. "चल. मी सांगते तिथे घाल."

वाचकहो, रुतणं सोपं असतं असं तुम्हाला वाटतं का? अकरा वर्षं मलाही वाटत होतं! वाटेच्या कडेला जिथे बर्फाचा ढीग होता तिथे मी चाक घातलं. गाडीने ढीग कापला आणि पलीकडून बाहेर! चराच्या काठावरून एक चाक खाली सोडलं. घुर्र झालं आणि गाडी पुन्हा वर! पुढे जाऊन उलटा आलो, मागचं चाक घातलं. वर! चाकं जमिनीला अशी धरून होती की सोडायलाच तयार नाहीत.

"अरे, नीट रूत ना!" लारिसा ओरडली. "एरवी डोळे मिटून रुततोस!"

"टायर चांगले आहेत त्याला मी काय करू?"

"पोती काढ!"

काढली. कमरेएवढ्या बर्फात आम्ही नवरा-बायकोने वाळूची चार पोती उतरवली आणि वाटेकडेला रचली. चारही चाकांना मिळणारी ताकद बंद करून मागच्या दोन चाकांवर आणली. मग घरापासून साठ पावलांवर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसेल अशा जागी, मी देवाचं नाव घेऊन पिकअप तिरकी उजवीकडच्या चरात सोडली आणि पाय दाबला. बर्फाचं कारंजं उडालं. गाडी पोटावर टेकली, एका अंगाला कलली आणि गप्प झाली.

"रुतली!" लारिसाने माझा मुका घेतला.

घराचं दार उघडलं. सत्तर वर्षांचा माणूस एवढ्या जोरात धावताना मी पाहिला नव्हता! डगल्याची बटणं लावत, कानटोपी एका कानावर. ट्रॅक्टर धडधडला. गाडीभोवती फेरी झाली, टायरला ठोकर बसली.

"हं!" बाबा म्हणाले. असा घसघशीत 'हं' अकरा वर्षांत निघाला नव्हता.

तासभर ओढाओढ चालली. एकदा साखळी सुटली, एकदा ट्रॅक्टरच घसरून वाटेत आडवा फिरला. बाबा लालबुंद, घामाघूम, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. "डावीकडे वळव! अरे तुझं डावं नव्हे, माझं डावं! काय शिकवतोस रे पोरांना?" गाडी बाहेर आल्यावर ते घरात गेले आणि उरलेल्या नऊ पेरोग्या खाल्ल्या. भंगारवाल्याचा विषय निघाला नाही. मी हरलो होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की विचारू नका.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण सोमवार आला. को-ऑपमधल्या कॉफीवर बाबांनी हकीकत सांगितली. मंगळवारी मधल्या सुट्टीत वेंडेल शाळेत हजर! वर्गाच्या दारात उभा, डोक्यावर टोपी नाही, कान लाल.

"मास्तर, तुम्ही रुतलात?"

"जरासा..."

"जरासा? गावात म्हणतात, गाडी अख्खी गाडली गेली, फक्त आरसा वर होता! सकाळपासून सात जणांनी टायर नको म्हणून कळवलं. म्हणतात, मास्तराने दोन महिने अभ्यास करून घेतलेले टायर, आणि हा प्रकार! मास्तर, मी काय खरंच कोंबड्या पाळू?"

खरं सांगावं तर बाबांचा रविवार गेला, गप्प बसावं तर वेंडेलचा हिवाळा गेला. बुधवारची अख्खी रात्र मी कूस बदलत काढली. शेवटी वाटलं, बाबांची समजूत घालता येईल, पण माझ्यामुळे एका भल्या माणसाचं दुकान बसायला नको. शनिवारी सकाळी को-ऑपमध्ये गेलो. टेबलाभोवती बाबा धरून नऊ म्हातारे होते. वेंडेलही कोपऱ्यात कप धरून बसला होता.

मी घसा साफ केला. "टायरमध्ये काही खोट नाही. मी... मी मुद्दाम रुतलो होतो."

मग असा हशा उसळला की काउंटरमागची बाई धावत आली. एकाच्या नाकातून कॉफी आली!

"मुद्दाम म्हणे!"

"मीही अठ्ठ्याहत्तर साली मुद्दामच तळ्यात गेलो होतो!"

"अहो, खरंच मुद्दाम!" मी ओरडलो. जेवढा ओरडलो तेवढे ते हसले. मी केविलवाण्या नजरेने बाबांकडे पाहिलं.

बाबांनी कप खाली ठेवला. "हसू नका रे. टायरला नावं ठेवायचं काम नाही. मी जवळून बघितलेत, टायर एक नंबर आहेत. वेंडेल, माझ्याही गाडीला तसेच चार घाल." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असल्या टायरांवरसुद्धा जो रुततो, त्याला टायर तरी काय करणार?"

टेबल दणाणलं. टायर नको म्हणणारे सातही जण टेबलाशीच होते; त्यांनी तिथल्या तिथे वेंडेलला पुन्हा टायर सांगितले. वेंडेलने मला मिठी मारली. एकूण काय, दुकान वाचलं, टायरची अब्रू वाचली, माझी तेवढी गेली.

बाहेर आलो. बाबा माझ्यामागोमाग आले. थंडीने नाकातला श्वास गोठत होता. आम्ही दोघं आपापल्या गाडीची काच खरवडत उभे राहिलो.

"त्या दिवशी मी बर्फातले चाकांचे माग बघितले," ते काच खरवडता खरवडता म्हणाले. "तीनदा चराशी गेलास, तीनदा परत आलास. पोतीसुद्धा रचून ठेवली होतीस, एकावर एक. चाळीस वर्षं लोकांना ओढून काढतोय, मास्तर. रुतलेली गाडी कोणती आणि रुतवलेली कोणती, ते मला कळतं."

माझे कान तापले. "मग आत का नाही बोललात?"

"बोललो असतो तर उद्या काय केलं असतं?"

त्यांनी गाडीचं दार उघडलं, आत बसले, इंजिन सुरू केलं. मग काच अर्धी खाली करून मला जवळ बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांचे डोळे जरा पाणावल्यासारखे वाटले. मी कान पुढे केला.

"उद्या डावीकडच्या चरात घाल," सासरे म्हणाले. "उजवीकडे घातलीस ना, तिथून दोन हातांवर आमच्या संडासाची टाकी आहे. त्यात गेलास तर मी येणार नाही!"