डाबऱ्यांच्या गाडीला कडी नव्हती

मानवेल डाबरेने गॅरेजचं शटर वर केलं आणि कॅरोलिनबाईंचा चहा बशीत सांडला.

"अरे देवा! हिचं पोट कोणी फाडलं?"

"आई, ही हॉट रॉड आहे. हिचं इंजिन असंच दाखवायचं असतं."

लॉकडाऊनमध्ये घरून नोकरी करणाऱ्यांनी काय काय नाही केलं. कोणी पाव भाजले, कोणी दाढ्या वाढवल्या. मानवेलने शंभरीला टेकलेल्या एका मोटारीचा सांगाडा स्कोफिल्ड्स उपनगरातल्या आपल्या घरी आणला आणि त्यात बैलासारखं दांडगं इंजिन बसवलं. वर बॉनेट नाही. नळ्या, तारा, पट्टे, पंखा, सगळं जगाला दिसेल असं. ही अक्कल त्याला वॉलॉंगॉंगला राहणाऱ्या मित्राने, गणेशने, दिलेली. गणेशची स्वतःची गाडीही तशीच उघडीबोडकी.

कॅरोलिनबाई लेकाकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. विमानं बंद पडली आणि आता दुसरा हिवाळा चालू होता. पण बाई कुठेही असोत, त्यांचा नियम वसईचाच : घरातलं घरात. नवऱ्याचं दुखणं असो की फाटकी चादर, त्यांनी कधी कोणाला कळू दिलं नाही. आणि समोर राहायची कोण, तर नणंद मेरिल! खिडकी उघडी राहिली तर तिला कालवणात मीठ किती तेसुद्धा कळायचं.

"झाक ते," बाई म्हणाल्या. "आतडी काय लोकांना दाखवायची असतात?"

मानवेल आज्ञाधारक. एवढा की बायको रेनीला त्याचा संताप यायचा. त्याने इंजिन झाकलं. तारा आत घेतल्या. बिजागऱ्या लपवल्या. मग त्याला लपवायची चटकच लागली. बॅटरी सीटखाली गेली, वरून पत्रा वेल्ड झाला. शेवटी त्याने दारांच्या कड्या कापल्या, भोकं बुजवली आणि वर लालभडक रंग दिला. आता छुपं बटण दाबलं की दार फट्‌कन उघडायचं. आतूनही बटणच. काचांनाही बटणच.

"मेट," गणेश फोनवर म्हणाला, "ही गाडी आहे की साबणाची वडी?"

नवं वाहन फादरच्या आशीर्वादाशिवाय रस्त्यावर काढायचं नाही, ही डाबऱ्यांची रीत. लॉकडाऊन म्हणून काय झालं? वसईहून फादर फ्रँकी स्क्रीनवर येणार होते आणि त्यांच्यामागे सगळं गणगोत. बाईंनी आठवडाभर फोन करून सांगितलं होतं, "माझ्या मानवेलने हाताने गाडी केलीये. एक खिळा दिसला तर सांग."

त्या दिवशी बाई लाल लुगडं नेसून, दागिने घालून गाडीत बसल्या. फोन समोर लावला होता. रेनीने दार लावलं. फादरनी प्रार्थना म्हटली, रेनीने बाहेरून पवित्र पाणी शिंपडलं, टाळ्या झाल्या.

"वहिनी," स्क्रीनवरून मेरिल म्हणाली, "आता ते फट्‌कन दार उघडतं ते दाखवा की!"

बाईंनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. नुसतं 'टिक्'. तिसऱ्यांदा तेही नाही.

झालं होतं असं, की मानवेल सकाळपासून ज्याला त्याला व्हिडिओवर दार फट्‌फट् करून दाखवत होता. इंजिन बंदच. बॅटरी बिचारी किती पुरणार?

समोर वीस घरं बघत होती. फोनचा आवाज कसा बंद करतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण बाई म्हणजे बाई. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि लितानीचा, एकाने म्हणायचं नि बाकीच्यांनी उत्तर द्यायचं त्या प्रार्थनेचा, सूर धरला.

"निष्कलंक माते—"

"आम्हांसाठी विनंती कर," वसईहून वीस घरं सवयीने म्हणाली.

"पुत्रा मानवेला, दार का उघडेना—"

"आम्हांसाठी विनंती कर."

मानवेल काचेला नाक लावून हळूच म्हणाला, "आई, बॅटरी मेली!"

"मेलेली बॅटरी जिवंत कर गा—"

"आम्हांसाठी विनंती कर."

"ती तुझ्या सीटखाली आहे. वर पत्रा वेल्ड केलाय!"

"आणि बॉनेट?" रेनीने विचारलं. "तिथून करंट देता येतो ना?"

"बॉनेटचंही बटणच आहे."

"इमर्जन्सीला काहीतरी ठेवलं असशील!"

"केबल मागवलीये. पार्सल मेलबर्नला अडकलंय."

रेनीने नवऱ्याकडे असं पाहिलं, की बाईंना आपण आत आहोत तेच बरं असं वाटावं. "काच फोड मग!"

मानवेल पांढरा पडला. "काच? अगं, ती अमेरिकेहून आलीये. आठ महिने वाट बघितली."

आतून सगळं दिसत होतं. पोटचा पोरगा एकदा आईकडे, एकदा काचेकडे बघत होता आणि निर्णय होत नव्हता! बाईंच्या आयुष्यात याहून मोठा धक्का बसला नव्हता.

"नऊ महिने मी वाहिलं रे तुला—"

"आम्हांसाठी विनंती कर."

"फायर ब्रिगेडला फोन करते," रेनी म्हणाली.

"लाल बंब दारात आणणाऱ्या सुनेपासून—"

"हे प्रभो, आम्हांला वाचव!" वीस घरं दणक्यात म्हणाली.

रेनीने बंबाचा बेत सोडला आणि फोन वॉलॉंगॉंगला लावला. गणेशला यायची सोय नव्हती, घरापासून लांब जायला बंदीच होती. तो आधी पोटभर हसला.

"म्हटलं होतं ना, लपवू नको! दाराचं आतलं लेदर फाडायला सांग काकूंना. आत सळई दिसेल. मागे खेचायची."

"ते लेदर मी हाताने शिवलंय," मानवेल कण्हला.

"मानवेल!" रेनी ओरडली.

बाईंना खाणाखुणांनी कळलं. चेहरा कॅमेऱ्यासमोर भक्तीचा ठेवून त्यांनी अंबाड्यातला काटा उपसला आणि खालच्या खाली लेदरमध्ये खुपसला. आयुष्यभर बोंबील चिरलेला हात तो. पण लेदर पक्कं होतं, काटा वाकला आणि बाईंचा धीर सुटला.

"बाहेर काढ, मेल्या! बाहेर काढ!"

पुढे वसईहून काहीच उत्तर आलं नाही. बाईंनी दोन्ही हातांनी लेदर टराटरा फाडलं, सळई खेचली आणि दार फट्‌कन उघडलं.

"मीटिंग संपलीये, आई," रेनी फोन बघत म्हणाली. "फुकटातली होती, वेळ झाली की तुटते."

"कधी तुटली?"

"काय माहीत."

"माझ्या ओरडण्याआधीच तुटली असणार. देव आहे!"

बाईंनी घरात येऊन सोफ्यावर पाय वर घेतले, गरम चहा मागवला. लेकाशी बोलायचं नाही असं ठरवलं. दोन घोट घेतात तोच फोन वाजला. मेरिल.

"वहिनी! अजून आतच का हो? आम्ही ऐकलं ना, 'बाहेर काढ, मेल्या!' आणि मीटिंगच गेली. सगळे पुन्हा नव्या मीटिंगवर जमून रडतायत. फादरही थांबलेत. तुम्हीही या, कॅमेरा लावा बघू."

बाईंच्या हातातलं बिस्किट चहात बुडालं. बाहेर आहे म्हणावं, तर आत अडकले होते हे कबूल. आत आहे म्हणावं, तर मागे सोफा.

"एक मिनिट हं."

बाई लुगडं सावरत गॅरेजकडे धावल्या. गाडीत बसल्या, दार ओढून घेतलं, फाटक्या लेदरवर शाल पसरली आणि कॅमेरा लावला.

"अडकलंय कोण? मी आपली हौसेने बसलेय."

"मग 'बाहेर काढ' कोणाला म्हणालात?"

"देवाला. सैतानाला गाडीतून बाहेर काढ म्हटलं."

"निघाला का?"

बाईंनी काचेतून पाहिलं. मानवेल सुईदोरा घेऊन उभा होता.

"निघालाय. बाहेरच उभा आहे."

"बाई गं! पण वहिनी, आम्ही तुमच्यासाठी नोव्हेना धरलाय. नऊ दिवसांची प्रार्थना मध्ये मोडता येत नाही. रोज याच वेळी सगळे जमणार. तुम्ही गाडीतच बसा, एवढं छान दिसतं!"

फादर फ्रँकींनी मान डोलावली. वीस घरांनी टाळ्या वाजवल्या.

कॅरोलिनबाई हसल्या. शालीखाली मात्र त्यांनी सळई घट्ट धरून ठेवली होती.