सगुणाबाईंची नाणी आणि महाराजांची आयाळ

मुलांनो, मागच्या रांगेत शेंगा सोलणं चाललंय, ते जरा थांबवा. आणि पुढच्यांनी मान खाली घ्या. हं.

तर एका जंगलात सगुणाबाई नावाची साळू राहत होती. साळू म्हणजे ती अंगभर काटे असलेली. राग आला की साळूचे काटे उभे राहतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. सगुणाबाईंचे आनंदानेही उभे राहायचे. त्या खुशीत आल्या की शेजारीपाजारी चार पावलं लांब सरकत.

सगुणाबाई कार्थेजच्या नाण्यांवर संशोधन करत होत्या.

कार्थेज म्हणजे काय? समुद्रापलीकडे, आफ्रिकेच्या उत्तर काठावर, फार फार वर्षांपूर्वी ते एक शहर होतं. तिथले लोक जहाजं हाकायचे, व्यापार करायचे आणि झकास नाणी पाडायचे. त्यातली मडकंभर नाणी सगुणाबाईंना बीळ वाढवताना सापडली. ती इथे कशी आली, हे त्यांना माहीत नव्हतं. आणि माहीत नाही, असं त्या सरळ सांगायच्या. त्यामुळे जंगलात त्यांना कुणी विद्वान मानत नसे.

नाणी कार्थेजची आहेत हे त्यांना एका करकोच्याने सांगितलं. तो दर हिवाळ्यात लांबून उडत येई. वाटेतल्या एका संग्रहालयात त्याने खिडकीतून अशीच नाणी पाहिली होती, काचेखाली ठेवलेली.

नाण्याच्या एका बाजूला देवी. केसांत गव्हाच्या ओंब्या, कानात डूल. दुसऱ्या बाजूला घोडा. एवढंच ना, असं तुम्ही म्हणाल. दाजीबाही तसंच म्हणाले होते. दाजीबा म्हणजे सगुणाबाईंचे यजमान.

"अहो, लवकर या! हा घोडा मागे वळून पाहतोय!"

"कुणीतरी हाक मारली असेल," दाजीबा कंद चावत म्हणाले.

"अहो, कालचा समोर पाहत होता! आणि याच्या मागे खजुराचं झाड आहे! आणि पायाशी तीन ठिपके!"

"काल दोन होते."

"तो निराळा घोडा!" सगुणाबाईंचे काटे खडखडले. दाजीबा कंद घेऊन बिळाबाहेर जाऊन बसले.

अशी नऊ वर्षं गेली. सगुणाबाई स्वतःचा एक काटा उपटायच्या, त्याच्या टोकाने ठिपके मोजायच्या आणि पळसाच्या पानावर टिपून ठेवायच्या. सत्तेचाळीस प्रकार झाले. एका घोड्याच्या पोटाखाली ठिपका आहे की चिखल, यावर त्यांनी एक आख्खा उन्हाळा घालवला. तो चिखल निघाला. त्यांनी पानावर 'चिखल' असं लिहिलं आणि इतक्या आनंदल्या की शेजारच्या सशाने घर बदललं.

आता या जंगलाचे प्रधान होते हसबनीस. जातीने तरस. त्यांना सतत हसू यायचं. दुष्काळ पडला तरी यायचं. एकदा त्यांच्या कानावर गेलं की साळूच्या बिळात पिवळंधमक काहीतरी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहमहाराज पाहणीला हजर.

महाराजांचा एक पुतळा होणार होता. सगळा तयार होता, फक्त आयाळ राहिली होती. महाराजांना ती सोन्याची हवी होती.

"ही नाणी वितळवली तर मानेपर्यंत येईल," हसबनीस हसत म्हणाले. "थोडी उरली तर शेपटीच्या गोंड्यालाही."

सगुणाबाई मडक्याच्या आड येऊन उभ्या राहिल्या. "महाराज, वितळवू नका! ही दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. यात सत्तेचाळीस प्रकार आहेत!"

महाराजांनी एक नाणं पंजात घेतलं. उलटंपालटं केलं.

"हा कोण?"

"घोडा, महाराज."

बरोबर आलेलं गाढव पुढे सरसावलं. "घोडा कसला! कान पाहा. हे आमचे आजोबा." आणि ते रडायला लागलं. दोघाचौघांनी त्याचं सांत्वन केलं.

महाराजांनी दुसरं नाणं घेतलं, तिसरं घेतलं. पन्नास पाहिली. त्यांचा चेहरा उतरत गेला.

"यात आम्ही कुठे आहोत?"

हसबनीस हसले, पण जरा हळू.

"महाराज," सगुणाबाई म्हणाल्या, "सिंह आणि खजूर असलेलाही एक प्रकार आहे. फार दुर्मीळ. करकोच्याने पाहिलाय. पण या मडक्यात नाही."

"आठ दिवस देतो," महाराज म्हणाले. "आम्ही सापडलो तर नाणी राहतील. नाही सापडलो तर आयाळ."

सगुणाबाई कामाला लागल्या. एकेक नाणं रिठ्याच्या पाण्यात घासलं. उन्हात धरलं. घोडा. घोडा. मागे पाहणारा घोडा. नुसतं घोड्याचं डोकं. तिसऱ्या दिवशी एका घोड्याच्या पायाशी चौथा ठिपका सापडला. त्या दोन क्षण आनंदाने फुलल्या, मग आठवलं की आपण सिंह शोधतोय, आणि रडल्या.

सातव्या दिवशी दुपारी त्यांनी जेवणाला हात लावला नाही. दाजीबांनी कंद सोलून पुढे ठेवला. तोही तसाच राहिला. मग दाजीबा उठले आणि सुतारपक्ष्याकडे गेले. त्याला सगळे टोकेमास्तर म्हणत. लाकडावर चोचीने तो मोर काढायचा, वेली काढायच्या.

"मास्तर, याचा सिंह करायचाय." दाजीबांनी काखेतून एक नाणं काढलं.

टोकेमास्तरांनी मान तिरकी केली. "पायांचं काही जमणार नाही. आयाळ देतो."

"किती मोठी?"

"लागेल तेवढी."

इकडे आठव्या दिवशी पहाटेच सगुणाबाईंनी मडक्याच्या तळाची गाठ उचलली. मातीने एकमेकांना घट्ट चिकटलेली दोन नाणी होती ती. आतली बाजू खरवडली जाईल या भीतीने त्यांनी ती आजवर सोडवली नव्हती. आता भिऊन काय उपयोग? गाठ रिठ्यात टाकली. बुडबुडे आले. टक्क आवाज झाला आणि नाणी सुटली.

एकावर घोडा होता.

दुसरं चांदीचं होतं. त्यावर खजुराचं झाड. आणि झाडासमोरून चाललेला, मान जराशी खाली घातलेला, बारीकसा, झिजलेला सिंह.

सगुणाबाईंचे सगळे काटे एकदम उभे राहिले. बिळाचं छत खाली आलं. तशाच, डोक्यावर माती घेऊन, त्या दरबाराकडे धावत सुटल्या.

दरबार भरला होता. दाजीबा आधीच पुढे उभे होते. महाराजांच्या पंजात एक नाणं चमकत होतं. त्यावरची आयाळ काठापर्यंत पोचली होती. एका बाजूला तर काठाबाहेर गेल्यासारखी वाटत होती.

"वा!" महाराज म्हणाले. "हुबेहूब! पण पायांना खूर कसे?"

"त्या काळी सिंह पादत्राणं घालत, महाराज," हसबनीस हसत म्हणाले.

"महाराज, थांबा!" सगुणाबाई धापा टाकत आत शिरल्या. "खरा सिंह हा इथे आहे!"

महाराजांनी चांदीचं नाणं घेतलं. डोळ्यांजवळ नेलं. लांब नेलं.

"हे उपाशी कुत्रं कुणाचं?"

"सिंह आहे, महाराज. झिजलाय. पण कार्थेजच्या कारागिराने काढलेला."

"आमच्या घराण्यात इतकी विरळ आयाळ कुणाचीच नव्हती." महाराज दुखावले होते. "आणि हे पाहा. याला म्हणतात सिंह!"

सगुणाबाईंनी खुरांचा सिंह पाहिला. नऊ वर्षांची नजर ती. दुसऱ्याच क्षणी सगळं कळलं. त्यांनी दाजीबांकडे पाहिलं. दाजीबा जमिनीकडे पाहत होते.

आता मुलांनो, गप्प बसल्या असत्या तर काम झालंच होतं. पण त्या संशोधक होत्या.

"महाराज, हे खोटं आहे. हा घोडा आहे. समोर पाहणारा, दोन ठिपक्यांचा. वर आयाळ कोरलीय."

हसबनीस हसले. ते नेहमीचंच हसले, पण सगळ्यांना वाटलं की विनोद झाला. मग सगळेच हसले. महाराज तर सिंहासनावरून घसरले.

"घोडा म्हणे!" डोळे पुसत ते म्हणाले. "विद्वान असून काय थट्टेखोर आहेत बाई! हसबनीस, हुकूम काढा. हे मडकं म्हणजे आमच्या घराण्याचा पुरावा. एकाही नाण्याला कुणी हात लावायचा नाही. फक्त या बाईंनी लावायचा. आणि ते कुत्र्याचं नाणं त्यांनाच देऊन टाका."

पुतळ्याला हळदीत रंगवलेल्या गवताची आयाळ बसली. दुसऱ्या आठवड्यात ती गाढवाने खाल्ली.

घरी जाताना सगुणाबाई अर्धी वाट रागाने पुढे पुढे चालल्या. मग राहवेना.

"दोन ठिपक्यांचंच का घेतलंत?"

"त्याची एकतीस आहेत. तूच सांगितलंस. पंधरा वेळा."

"आणि समोर पाहणाराच का?"

"मागे पाहणारा कसा देईन?" दाजीबा म्हणाले. "तो तुला आवडतो."

सगुणाबाई थांबल्या. इतकी वर्षं हा माणूस कंद चावत सगळं ऐकत होता तर!

संध्याकाळी त्यांनी पळसाची दोन पानं घेतली. पहिल्यावर लिहिलं: 'चार ठिपक्यांचा घोडा धरून प्रकार एकोणपन्नास. सिंह आणि खजूर. आयाळ विरळ. अस्सल.'

दुसऱ्यावर लिहिलं: 'प्रकार पन्नास. घोडा, वर आयाळ, दोन ठिपके. बनावट. आमच्या यजमानांनी पाडला. जगात एकच.'

तात्पर्य: सत्य शोधताना मुळीच भिऊ नये. सापडलं तरी ते कुणाला पटत नाही, त्यामुळे ते आपल्यापाशी सुखरूप राहतं.